आक्काच्या स्लॅबावरचं इमान

माझा धंदा लोखंडाचा. गेट, ग्रिल, जिना, कॉट, ट्रॉलीचं फाळकं, काय बी सांगा, वेल्डिंग मारून देतो. शाळंशी आपलं जमलं न्हाय. दुसरीत गुर्जी म्हणले, "तू घरीच बरा," आन आख्ख्या शाळंत म्या गुर्जींचं तेवढंच एक ऐकलं.

आमच्या धंद्यात माल किलोवर जातो. गिऱ्हाईक आलं की डिझाइन बगत न्हाय. गेटाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतं आन इचारतं, "किती भरलं?" जेवढं जास्त भरंल तेवढी त्याची मान ताठ. एक पाटील तर गावभर सांगत फिरतो, "आमचं गेट उघडायला दोन गडी लागत्यात." ही माझी तारीफ हाय बरं का. त्या पाटलाची म्हातारी शेजाऱ्याच्या दारातनं जाती-येती, ती गोष्ट येगळी.

तर असा जलम गेल्यामुळं हाताला सवयच लागली. एक पट्टी पुरती तितं मी दोन लावतो. पाइप पुरतो तितं अँगल लावतो. ही सवय ध्यानात ठिवा, म्हंजी म्होरं माझी फजिती समजायला सोपी जाईल.

भाचीची सुपारी फुटली तवाची गोष्ट. आक्का माझी थोरली भन, शेजारच्याच गावात दिलेली. तिला एकच पोरगी आन मी तिचा एकच भाऊ. म्हंजी पोरीचा मामा मीच. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो आन मंगलाष्टका सरूस्तर तिच्या मागं उभा राहतो. पोरगी पाळण्यात व्हती तवापासनं मी त्या कामाची वाट बगत व्हतो. त्यासाठी सदरासुदिक शिवून ठिवला व्हता. मधल्या काळात सदरा तसाच राहिला, पोट म्होरं आलं.

नवऱ्याकडचे लोहाऱ्याचे. भुसाराचे आडते. नवऱ्याचा चुलता लई बोलका. पोहे खाता खाता म्हणला, "आमच्या थोरल्याच्या लग्नात हेलिकॉप्टरातनं फुलं टाकली व्हती. तुमच्याकडं काय बेत हाय?"

आक्का चहा वतत व्हती, तिचा हात थांबला. दाजी छताकडं बगाय लागले. मला तर गप बसायचं औषध अजून कुणी दिलं न्हाय.

म्या म्हणलं, "फुलं काय घिऊन बसलाव पाव्हणं? आमी वरनं अक्षता टाकणार. आन भाड्याच्या हेलिकॉप्टरातनं न्हाय, घरच्या इमानातनं."

"घरचं इमान हाय तुमचं?"

"करायला घेतलंय," म्या म्हणलं. जसा काय कॉट करायला घेतलाय.

खरं म्हंजी मी तसंच समजत व्हतो. आदल्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ बगितला व्हता. कुठल्यातरी मुलखातला एक माणूस परसात बसून इमान करत व्हता. पाइप जोडले, त्याच्यावर कापड ताणलं, मधी खुर्ची, म्होरं पंखा. बगून मला वाटलं, ह्यो तर कॉटच हाय, नुस्ता फॅन बसवलाय. असल्या कॉटांवर म्या आख्खा तालुका निजवलाय.

पाव्हणे गेले आन आक्का माझ्याकडं वळली. "माणसांत तोंड उघडलंस ना? आता वरनं अक्षता पडल्या पायजेत. तुझ्या इमानातनंच पडल्या पायजेत. न्हाय पडल्या तर मंडपात मामा म्हणून उभा राहू नको. चुलत भावाला उभा करीन."

"आक्के, त्याला?"

"त्याला. त्यो बोलतो कमी आन फेटा चांगला बांधतो."

ह्यो चुलत भाऊ म्हंजी खताच्या दुकानाचा मालक. कधी कुणाला उलटून बोलत न्हाय, माझी सुदिक कधी नालस्ती करत न्हाय. त्येचाच मला लई राग हाय.

इमानाचा नकाशा भाचीनं मोबाइलवरनं काढला. पोरगी पॉलिटेक्निक झालेली. कळंबला झेरॉक्सवाल्याकडनं मोठे कागद छापून आणले आन माझ्या दुकानात जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठिवले. मी कागदाभोवती फिरलो, कमरंवर हात ठिवून म्हणलो, "वा, काय इमान हाय!"

"मामा, तुमी उलट्या बाजूनं बगताव."

मी गपचिप दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडनं बी मला तेवढंच कळलं.

पोरगी वाचाय लागली. "हितं ॲल्युमिनियमचा पाइप लिव्हलाय."

"म्हंजी?"

"जर्मन. आपलं भाताचं भगुणं असतंय तसलं."

"जर्मनचं इमान? तुझ्या आयनं परवा दाजींवर चिडून त्या भगुण्यावर उलथनं हाणलं तर पोचा पडला. त्याच्यात बसून मी वर जाऊ व्हय?"

"मामा, हलकंच लागतंय. हितं ह्या वळीत लिव्हलंय बगा, सगळं जोडून झालं की दोन माणसांनी उचलून ठिवता आलं पायजे."

"दोन माणसांनी उचललं तर दोन चोर बी उचलून नेतील की!"

पोरीनं कागदाची घडी घातली. मला वाटलं, पटलं तिला.

तर म्या चौकोनी लोखंडी पाइप घेतला. कागदावर तार दावली व्हती तितं सळई वढली. सळई दावली तितं पट्टी टाकली. प्रत्येक जोडाला चारी बाजूंनी पत्र्याचे तुकडे मारले. म्होरचा पंखा आमच्या गावच्या सुतारानं केला. त्यानं इचारलं, "लाकूड कोणतं?" म्या म्हणलं, "वाळवी लागू नये असलं." त्यानं लिंबाचा फळा घिऊन पंखा कोरला. इंजिन भंगारातल्या फटफटीचं. चालू केलं की शेजारच्या म्हशी दूध चोरायच्या.

दोन्ही बाजूंच्या पंखांना कापड लागत व्हतं. कागदावर कुठल्या तरी फॉरेनच्या कापडाचं नाव व्हतं. आमच्याकडं फॉरेनचं कापड मिळत न्हाय, पण फ्लेक्स मिळतो. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागत्यात, वाढदिवस सरला की कुणी त्याच्याकडं बगत न्हाय. कुणी कडब्यावर टाकतं, कुणी न्हाणीला लावतं. म्या पंखाला लावले. उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला एक भावी आमदार आला, हात जोडून, काळा चष्मा घालून.

दुसऱ्या दिवशी त्येची माणसं आली. "आमचे सायेब उलटे कामून लावले?"

"इमान वर गेल्यावर खालनं सरळ दिसतील," म्या म्हणलं.

"जमिनीवर असतंय तवर काय?"

मंग वरच्या अंगाला आणिक एक सरळ फ्लेक्स लावला. ते ऐकून दुसऱ्या पार्टीची माणसं आली. त्येंचे बी एक भावी आमदार व्हतेच. त्येंना डाव्या पंखावर घेतलं, वरनं एक, खालनं एक. इमानाला दोन्ही बाजू सारख्या लागत्यात असं भाची म्हणली व्हती, तेवढं मातर आपोआप जमलं. आमच्या तालुक्यात भावी माणसांची कधी टंचाई पडत न्हाय.

मंग सरपंच आले. इमानाला एक चक्कर मारून म्हणले, "परवानगी घेतली का?"

"कुणाची?"

"ग्रामपंचायतीची. गावाच्या वरची हवा बी गावाचीच की." जरा इचार करून म्हणले, "जा, दिली. पण आपल्या शिवारापुरतं उडवायचं. शिव आली की खाली उतरायचं आन पलीकडच्या सरपंचाला इचारायचं."

म्या व्हय म्हणलं. माझा सोभावच तसा हाय, येणाऱ्या कुणालाच मी न्हाय म्हणत न्हाय. एक जण म्हणला, "स्टँड कुठाय?" म्या साइड स्टँड बसवलं. एक जण म्हणला, "मागं कॅरियर पायजे, जाता-येता पेंडीचं पोतं आणता येईल." कॅरियर बसवलं. म्या इचारलं सुदिक न्हाय, की पेंडीचं पोतं इमानातनं कोण आणतं. आन एक म्हातारा म्हणला, "बसायची जागा उघडीच हाय, रात्चं कुत्रं शिरंल की." ही गोष्ट मला लई पटली. म्या इमानाला गेट बसवलं. छोटंसंच, पण कडी-कोयंडा लावून, वर भाल्याच्या टोकाची नक्षी करून. आख्ख्या इमानात तेवढी एकच वस्तू मला बिनकागदाची येत व्हती, आन तीच लई देखणी झाली.

ज्या दिवशी उडवायचं ठरलं त्या दिवशी समदा गाव माळावर. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणला व्हता, त्यो लावला. चाकांखाली लिंबं ठिवली. नारळ कुठं फोडायचा ह्याच्यावरनं वाद झाला. शेवटी इमानाच्या नाकाडावर फोडला. नारळाच्या चिंधड्या झाल्या, नाकाडाला खरचटलं सुदिक न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्या हात वर करून सलाम केला आन मनात म्हणलं, बगा, जर्मनचं असतं तर?

हेल्मेट घातलं, आत बसलो, गेटाची कडी लावली, इंजिन चालू केलं. इमान पळाय लागलं. धावलं, जोरात धावलं. चाकाखाली लिंबं फुटली. मी दांडा मागं वढला. कागदावर लिव्हलं व्हतं, दांडा वढला की नाक वर व्हतंय. म्या वढला. काय झालं न्हाय. आणिक वढला. दांडा वाकला, नाक तसंच. आख्खा माळ सरला. पुढं एकाच्या शेळ्या चरत व्हत्या, त्या दोन्हीकडं पांगल्या आन इमान बाभळीच्या कुपाटीत जाऊन थांबलं. मागनं लोक पळत आले.

"उडालं का?" मागच्यांनी इचारलं.

"शेळ्या उडाल्या," म्होरच्यांनी सांगिटलं.

सरपंच धापा टाकत आले आन म्हणले, "बरं झालं. शिव हितनं जवळच हाय."

भाची म्हणली, "मामा, आधी वजन करू." मंग ट्रॅक्टरच्या मागं बांधून कळंबला वजनकाट्यावर नेलं. काट्यावरचा माणूस खिडकीतनं बगत म्हणला, "भंगार का?"

"इमान हाय," म्या म्हणलं.

"मी म्हणलं लोखंडाचं मंदिर न्यायलाव का काय कुठं." आन त्यानं आकडा सांगिटला.

आता माझी हुशारी बगा. आकडा ऐकला आन माझी छाती फुगली. तोंडातनं निघून गेलं, "बगा, किती भरलं!" दाजी बरोबर व्हते, ते बी सवयीनं म्हणले, "भारी काम केलं."

भाचीनं कपाळाला हात लावला. कागदाची घडी उलगडून तीच वळ पुन्यांदा वाचली. "दोन माणसांनी उचलता आलं पायजे, मामा. हे उचलायला आख्खी आळी लागंल."

मंग कुठं माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. मी माणसानं वर जायची वस्तू केलीच नव्हती. मी पाटलाचं गेटच केलं व्हतं, त्याला चाकं लावून.

लगीन तोंडावर आलेलं. नवं करायला ना येळ, ना माल. मी दुकानात बसून राहिलो. इमान म्होरं उभं, साइड स्टँडवर. दोन्ही भावी आमदार हात जोडून माझ्याकडं बगत व्हते. तेवढ्यात भाची आली. माझ्याजवळ बसली.

"मामा, अक्षता वरनं पडू दे न्हायतर राहू दे. मागं तुमीच उभे राहा."

"तुझ्या आयला सांग की."

"सांगिटलं. आय म्हणली, माणसांत दिलेला शबूद हाय. तिनं फेटा सुदिक धाडला चुलत मामांकडं."

"त्याच्याकडं?"

"व्हय. केशरी."

केशरी म्हणल्यावर मला लई झोंबलं. बाकी कुठल्या रंगाचा असता तर एवढं वाटलं नसतं. पण केशरी त्याला शोभतोय, हे मला बी ठाऊक हाय.

मंग मी इचार केला. मला इचार लई येळ करता येत न्हाय, त्यामुळं जो पहिला आला त्योच धरला. आक्का काय म्हणली? वरनं पडल्या पायजेत, इमानातनं पडल्या पायजेत. उडून पडल्या पायजेत असं कुठं म्हणली? आन आक्काच्या घराला स्लॅब हाय. मंडप पडणार खाली अंगणात. स्लॅब म्हंजी वरच की.

माझ्या एका दोस्ताची विहिरीतले धोंडे काढायची क्रेन हाय. त्याला बोलावलं. दाजी अंगणात उभे राहून वर बगत म्हणले, "स्लॅब पेलंल का?"

"दाजी, स्लॅबातली सळई म्याच बांधलीय. एकीच्या जागी दोन टाकल्यात."

दाजींना तवा पहिल्यांदा माझ्या सवयीचा उपेग झाला. इमान वर गेलं. जाताना क्रेनचा हात जरा वाकला आन दोस्तानं मला आशी काय शिवी दिली की मी ती अजून कुणाला पुन्यांदा सांगिटली न्हाय. पण गेलं. रस्त्यावरनं फोटो चांगला यावा म्हणून म्या नाकाड रस्त्याकडं केलं आन शेपूट मंडपाकडं. ह्याच्यात काय चुकलं ते मला लग्नाच्या दिवशी कळलं.

आक्का वर येऊन बगून गेली. म्हणली, "हे उडंना म्हणून वर चढवलंस व्हय?"

"वरनं पडल्या म्हंजी झालं ना आक्के?"

"पडू दे तर. मंग बगू." आन जाता जाता वळून म्हणली, "तवर मामा त्योच."

लग्नाच्या दिवशी भाचीला बोहल्यावर चुलत भावानं आणलं. केशरी फेटा, तुरा ह्यो एवढा. मी वर इमानात, हेल्मेट घालून, गेटाची कडी लावून, मांडीवर अक्षतांची टोपली. भाचीनं मला बजावून सांगिटलं व्हतं, "इंजिन चालू करू नका. नुस्त्या हातानं टाका." म्या शपथ घेतली व्हती.

भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. मी मूठ भरून खाली टाकली. मंडपाचं कापड वर ताणलेलं, अक्षता तितंच अडकल्या. आणिक टाकल्या. कापडाला झोळ आला, त्याच्यात जाऊन बसल्या. खाली एक दाणा पडंना. मी टाकतोय आन मंडप गिळतोय.

खालनं नवऱ्याचा चुलता वर बगून वरडला, "काय वो मामा, इमान चालू हाय का नुस्तं दावायला ठिवलंय?"

समदी वऱ्हाडं हसली. आक्का हसली न्हाय. तिनं माझ्याकडं एकदा बगितलं आन मान खाली घातली. शपथ व्हती, पण ते बगून मला काय शपथ-बिपथ आठवली न्हाय. म्या इंजिन चालू केलं.

पंखा फिरला. पंख्याचं वारं मागं जातंय, आन मागं मंडप. आधी मंडपाचं कापड फुगलं, जसा काय बैल फुगतो. मंग टोकाच्या दोऱ्या तुटल्या. भटजींच्या हातातला अंतरपाट सुटला आन बँडवाल्याच्या तोंडावर जाऊन बसला, त्यो तसाच वाजवत राहिला. नवरा-नवरीनं टायमाच्या आधीच एकमेकाला बगितलं. पत्रावळ्या उडाल्या, द्रोण उडाले, आहेराच्या टोप्या उडाल्या. नवऱ्याच्या चुलत्याचं उपरणं शेजाऱ्याच्या लिंबावर गेलं. आन चुलत भावाचा फेटा सुटला. केशरी फेटा, असा लांबच्या लांब उलगडत, लोहाऱ्याच्या जीपवरनं रानाकडं चालला. कमी बोलणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वरडला, "आरं धरा!" आन त्याच्या मागं पळाला.

लग्नात समदं उडालं. एक इमान तेवढं जागचं हललं न्हाय.

म्या घाबरून इंजिन बंद केलं. वारं थांबलं, तसं फुगलेलं कापड तुटल्या दोऱ्यांच्या बाजूनं एकदम खाली लोंबलं, आन त्याच्या झोळातल्या समद्या अक्षता, टोपलीभर, एका दणक्यात नवरा-नवरीच्या टकुऱ्यावर आल्या. चुलत्याच्या तोंडात गेल्या, कारण त्यो तवा बोलत व्हता.

भटजी लई शाणे. त्येंनी हात वर केला आन मंगलाष्टका थांबवलीच न्हाय, पुढचं कडवं घेतलं. खाली बगतो तर भाचीच्या मागची जागा मोकळी. भाचीनं अक्षता झटकत मान वर केली आन डोळ्यांनी खुणावलं, या.

मी उठलो. गेटाची कडी निघंना. इतकी घट्ट बसवली व्हती, दोन्ही हातांनी हिसकली, बुक्की मारली, काय उपेग न्हाय. माझंच काम. शेवटी गेटावरनं उडी टाकली, भाल्याच्या टोकाला धोतराचा सोगा अडकला, फाटला, तसाच जिन्यानं खाली आलो. भाचीच्या मागं जाऊन उभा राहिलो, धापा टाकत. मंगलाष्टकेचं शेवटचं कडवं चालू व्हतं.

आक्का बाजूलाच व्हती. तिनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बगितलं. मला वाटलं, आता म्हणती, निघ हितनं.

"हेल्मेट काढ, मुडद्या," आक्का म्हणली. "फोटो काढाय लागलेत." आन पदरानं माझ्या खांद्यावरचे तांदूळ झटकले.

त्या फोटोत मी हाय. सोगा फाटलेला, पण मामाच्या जागी.

इमान अजून आक्काच्या स्लॅबावरच हाय. क्रेनवाला दोस्त त्या आळीतनं जात सुदिक न्हाय. आक्का पंखावर कुरडया वाळत घालती, भावी आमदाराच्या चष्म्यावर लई लवकर वाळत्यात म्हणती. गेट मातर अजून उघडलं न्हाय.

परवा भाचीला माहेरी सोडायला तिच्या नवऱ्याचा चुलता आला व्हता. आल्या आल्या वर बगून मिशीत हसला. "काय मामा, उडवायचं कधी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्काच म्हणली, "पाव्हणं, मागल्या वळवात आळीतले समदे पत्रे उडाले. हितल्या सरपंचाच्या गोठ्याचं छत पार तळ्यात सापडलं. हे बगा, केसाएवढं हललं न्हाय. माझ्या भावाचं काम हाय."

चुलत्यानं जिना चढून इमानाला दोन्ही हातांनी धरलं, गदागदा हलवून बगितलं. हललं न्हाय. खाली येऊन हात झटकले आन मला म्हणला, "आमच्या गोदामाला एक गेट करायचंय."

आन मी, सवयीनंच, लई खूष झालो.